तरुण बैलाचा तोल आणि सरळ चाल

शहापूर-मुरबाडच्या खोंडांना जुवाला लावण्यापूर्वी द्यावयाचे शिक्षण

मृगाचा पाऊस सुरू झाला की शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतकऱ्यास दिवस मोजून काम करावे लागते. राबातील रोपे तयार होत येतात, खाचरांत पाणी साचते आणि चिखलणी व आवणी यांची एकच घाई उडते. नेमक्या याच दिवसांत जोडीतील एका बैलाची मान सुजली किंवा त्याचा पाय मुरगळला, तर शेतकऱ्याला दुसऱ्याच्या जोडीची वाट पाहावी लागते. रोपे वाढून जून होतात, आवणी लांबते आणि त्याचा परिणाम सुगीपर्यंत भोगावा लागतो. मानेची सूज जुवाखाली दिसते व लंगडणे चिखलात दिसते. परंतु त्यांचे मूळ पुष्कळदा बैलाच्या वाकड्या चालीत असते, आणि ती चाल तो खोंड असतानाच पडलेली असते.

खोंड अंगाने भरला, दोन दात आले, की त्याला एखाद्या जुन्या बैलाबरोबर जुंपावे आणि पराणीच्या धाकाने कामाला लावावे, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. असा खोंड काही दिवसांत ओढू लागतो, हे खरे. पण तो तोलात चालण्यास शिकत नाही. एका खांद्यावर झुकून, मागचा धड बाजूला टाकून तो ओझे ओढतो आणि पुढे आयुष्यभर तसाच चालतो. याउलट दिवाळीनंतर रान मोकळे झाल्यापासून होळीपर्यंत दररोज थोडा वेळ देऊन खोंडाला दोन्ही बाजूंनी सारखे वळण्यास व सरळ चालण्यास शिकविले, तर मृगापर्यंत तो कामास तयार होतो. या शिक्षणास विशेष खर्च नाही. एक दोर, एक म्होरकी, थोडी मोकळी जागा आणि शिकविणाऱ्याचा धीर एवढेच साहित्य त्यास लागते.

आपल्या भागातील जनावर

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागात डांगी जातीचे गोधन पूर्वापार पाळले जाते. नाशिक, अहिल्यानगर व ठाणे या जिल्ह्यांचा घाटालगतचा डोंगराळ मुलूख आणि शेजारील गुजरातमधील डांग हा या जातीचा मूळ प्रदेश होय. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, तेलकट कातडी आणि काळे, टणक खूर ही या जातीची ओळख आहे. कातडीतील तेलकटपणामुळे मुसळधार पावसाचा तिला फारसा त्रास होत नाही आणि टणक खुरांमुळे खडकाळ पायवाटा व चिखल या दोहोंत ती टिकून राहते. डांगी बैल चालीला संथ, पण ओढीला दमदार असतो. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूंच्या उतारावरील लहान खाचरांत जेथे यंत्र नेणे व वळविणे अवघड जाते, तेथे असा बैल आजही उपयोगी पडतो.

मात्र याच भूरचनेमुळे बैलाच्या चालीची कसोटी लागते. मोठ्या सपाट शेतात बैल लांबवर सरळ चालतो व क्वचित वळतो. लहान खाचरात त्याला दर काही पावलांनी वळावे लागते. बांधाच्या कडेला पाय घसरू न देता, जोडीदाराला न ढकलता, चिखलातून पाय काढीत वळावयाचे, हे काम तोल नसलेल्या बैलाला जमत नाही. तो जोडीदाराच्या अंगावर रेलतो. मग दोघांच्याही माना घासतात.

घोड्यापासून घेण्यासारखा धडा

तरुण जनावराला तोल शिकविण्याचे शास्त्र घोड्याच्या बाबतीत फार जुने आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफोन याने अश्वशिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने घोड्याला दोन्ही अंगांना वळविण्याची सवय व्हावी म्हणून आळीपाळीने उजव्या व डाव्या वळणांचा सराव सांगितला आहे. आपल्याकडेही चाबूकस्वार तरुण घोड्याला लांब दोरावर धरून वर्तुळात फिरवीत. त्याला घोडा काव्यावर धरणे असे म्हणतात.

याची गरज का पडते, हे घोड्याच्या मध्यम दौडीत चांगले दिसून येते. दुडकीत घोड्याचे तिरपे समोरासमोरचे पाय जोडीने उचलले जातात व दोन ठोके पडतात. कॅंटर नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्यम दौडीत तीन ठोके पडतात आणि पुढच्या दोन पायांपैकी एक पाय दुसऱ्याच्या पुढे पडतो. डाव्या वळणावर डावा आणि उजव्या वळणावर उजवा पाय पुढे पडला, तर घोड्याचा तोल राहतो. न शिकलेला घोडा मात्र बहुधा आपल्या आवडीचा एकच पाय पुढे टाकतो. आवडीच्या बाजूला तो सहज वळतो. दुसऱ्या बाजूला खांदा टाकून व पुठ्ठा बाहेर काढून कसाबसा वळतो. सरळ दौडतानाही त्याचा मागचा भाग एका अंगाला गेलेला असतो.

अशा घोड्याचा लगाम एका बाजूने ओढून त्याला सरळ करता येत नाही. लगाम ओढला की मान तेवढी वाकडी होते, शरीर वाकडेच राहते. म्हणून जाणता शिक्षक घोड्याला दोन्ही अंगांना सारखा फिरवितो, चालीवरून दुडकीवर व दुडकीवरून पुन्हा चालीवर आणतो आणि मागचे पाय शरीराखाली येऊ लागले म्हणजेच त्याला दौडवितो. मागचे पाय शरीराचा भार उचलू लागले की पुढचे खांदे हलके होतात, आणि हलक्या खांद्यांचा घोडा आपोआप सरळ चालू लागतो.

बैलालाही हाच नियम लागू पडतो. उभ्या बैलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो. त्यात जू मानेवर आले की तो आणखी वाढतो. त्याचे मागचे पाय सरळ रेषेत पुढे येऊन जोर देत नसतील, तर सर्व ओढ एका खांद्यावर पडते. माणूस जसा उजवा किंवा डावखुरा असतो, तसे जनावरही एका बाजूला सोयीचे व दुसऱ्या बाजूला अवघडलेले असते. हा दोष म्हणून त्याला मारण्याचे कारण नाही. अवघडलेली बाजू सरावाने मोकळी करणे हे शिकविणाऱ्याचे काम आहे.

सरळ चालीची परीक्षा

खोंड सरळ चालतो की नाही हे नुसत्या नजरेने नेहमीच कळत नाही. त्यासाठी पुढील साधी परीक्षा घ्यावी. सुमारे २० पावले लांबीचा मातीचा पट्टा पाणी शिंपडून ओला करावा व फळीने सारखा करून घ्यावा. खोंडाला म्होरकीने धरून, दोर सैल ठेवून, त्या पट्ट्यावरून संथ चालीने न्यावे आणि मग उमटलेले खूर पाहावेत.

१. सरळ चालणाऱ्या जनावराचा मागचा खूर त्याच बाजूच्या पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडतो.

२. मागचे दोन्ही ठसे सतत डावीकडे पडत असतील, तर खोंडाचा मागचा भाग डावीकडे जात आहे असे समजावे. असे जनावर बहुधा उजव्या खांद्यावर रेलून चालते. ठसे उजवीकडे पडत असतील, तर याच्या उलट समजावे.

३. डाव्या व उजव्या पावलांची लांबी मोजून पाहावी. एक पाऊल सतत आखूड पडत असेल, तर त्या बाजूचा पाय, खूर किंवा खांदा तपासावा.

४. पहिल्या वेळी धरणाऱ्याने डाव्या अंगाने चालावे व दुसऱ्या वेळी उजव्या अंगाने. धरणाऱ्याची बाजू बदलताच वाकडेपणाही बाजू बदलत असेल, तर दोष दोर ओढणाऱ्याच्या हातात आहे, खोंडात नाही.

चालताना पुढचा एखादा पाय टेकताच खोंड मान वर उचलीत असेल, तर त्या पायात दुखणे आहे असे धरून चालावे. दुखऱ्या जनावराला शिक्षण देऊ नये. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून उपचार करून घ्यावेत.

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे भरणाऱ्या यात्रेत गुरांचा मोठा बाजार असतो. तेथे खोंड घेतानाही हीच दृष्टी ठेवावी. जनावराला आपल्याकडे येताना व आपल्यापासून दूर जाताना, असे दोन्ही बाजूंनी चालवून पाहावे. उजवीकडे व डावीकडे लहान वर्तुळात फिरवून पाहावे. मानेवरील केस घासले गेले आहेत काय, जुने वण आहेत काय, चारही खूर सारखे झिजले आहेत काय, हे पाहावे. रंग, शिंगे व भोवरे पाहण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ चाल पाहण्यात घालविला तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

चाल वाकडी होण्याची कारणे

जन्मजात एकांगीपणात आपल्या रोजच्या सवयी भर घालतात. खोंडाला नेहमी एकाच खुंट्याला, एकाच बाजूला भिंत येईल असे बांधले, म्हणजे तो मान एका अंगाला वळवून उभा राहतो. त्याला नेहमी डाव्या अंगानेच धरून नेले, म्हणजे त्याची मान डावीकडे व पुठ्ठा उजवीकडे जातो. वेसण फार लवकर घातली किंवा जखम असताना ओढली, तर दुखऱ्या बाजूला वळण्यास तो कायमचा भितो. गोठ्यातील जमीन उतरती व चिखलाची असेल, तर खूर वेडेवाकडे वाढतात. वाढलेले खूर वेळीच जाणत्याकडून तासून घ्यावेत. सडकेवर गाडीला जुंपण्याच्या बैलांना पत्री मारताना चारही पाय सारखे टेकतात की नाही, हे पाहून घ्यावे.

नांगरटीतही एकांगीपणा वाढतो. लोखंडी नांगर सामान्यतः उजव्या हाताला माती पलटतो. त्यामुळे उजवा बैल खोल तासात व डावा बैल न नांगरलेल्या उंच जमिनीवर चालतो. तरुण बैलाला हंगामभर एकाच बाजूला जुंपले, तर त्याचे शरीर त्या तिरप्या चालीला सरावते. यासाठी खोंडाला शिकवितानाच जोडीच्या दोन्ही बाजूंना चालण्याची सवय लावावी. पुढे कामाच्या सोयीसाठी त्याची बाजू ठरविली, तरी अधूनमधून ती बदलता येते आणि जोडीदार आजारी पडला तर दुसऱ्या बैलाबरोबरही तो अडत नाही.

शिक्षणाचा क्रम

वर्ष-दीड वर्षाच्या वासराला अंगावर हात फिरवून घेणे, पाय उचलू देणे, म्होरकीने चालणे व थांबणे एवढे शिकवावे. जुवाचे शिक्षण दोन दात आल्यावर, म्हणजे सुमारे अडीच ते तीन वर्षांच्या वयात सुरू करावे. पूर्ण दिवसाचे जड काम मात्र चार दात आल्याशिवाय देऊ नये. हाडे व सांधे पक्के होण्यापूर्वी टाकलेला भार पुढे भरून निघत नाही.

शिक्षण सकाळी किंवा सायंकाळी, थंड वेळी द्यावे. एका वेळी १५ ते २० मिनिटे पुरेशी होतात. जनावर थकले की ते वाकडे चालू लागते, आणि थकव्यात शिकलेली चाल त्याच्या अंगवळणी पडते. म्हणून चांगली चाल मिळताच थांबावे.

पहिला टप्पा : काव्यावर फिरविणे. पाच-सहा मीटर लांबीचा दोर म्होरकीला बांधावा. वेसणीला बांधू नये. शिकविणाऱ्याने मध्ये उभे राहून खोंडाला भोवती संथ चालीने फिरवावे. पाच फेऱ्या डावीकडे व पाच फेऱ्या उजवीकडे असा क्रम ठेवावा. ज्या बाजूला तो अवघडतो, त्या बाजूला एखादी फेरी अधिक द्यावी. मात्र त्याच बाजूला सतत फिरवून त्याला हैराण करू नये. चालणे, थांबणे व वळणे यांसाठी ठरलेले शब्द वापरावेत. घरातील प्रत्येकाने तेच शब्द वापरावेत, नाहीतर खोंड गोंधळतो.

दुसरा टप्पा : वळणावरून सरळ. काव्यावरील चाल दोन्ही बाजूंनी सारखी झाली की इंग्रजी आठाच्या आकारात फिरवावे. एका वर्तुळातून दुसऱ्यात जाताना मध्ये चार-सहा पावले सरळ चालू द्यावीत. पुढे ही सरळ पावले वाढवीत न्यावीत. बांधाच्या कडेने सरळ नेणे सोपे पडते, कारण एका अंगाला बांधाचा आधार असतो. जाताना बांध डावीकडे व येताना उजवीकडे येईल असे पाहावे. काही दिवसांनी बांध सोडून मोकळ्या खाचरात त्याच सरळ रेषेत न्यावे.

तिसरा टप्पा : मागच्या पायांना जोर. मनगटाएवढ्या जाडीची चार-पाच लाकडे खोंडाच्या एकेका पावलाच्या अंतराने जमिनीवर मांडावीत व त्यांवरून त्याला संथपणे चालवावे. लाकडे ओलांडताना तो मान खाली घालून पाय नीट उचलतो व मागचे पाय शरीराखाली आणतो. त्यानंतर हलक्या चढावर सरळ नेऊन सरळ उतरवावे. उतरताना घाई करू देऊ नये. उतारावर संथ व सरळ उतरणारा बैल पुढे भरलेल्या गाडीला भिऊन पळत सुटत नाही.

चौथा टप्पा : जुवाची ओळख. प्रथम रिकामे जू मानेवर ठेवून थोडे चालवावे. मग शांत, शिकलेल्या जुन्या बैलाबरोबर जुंपावे. जुना बैल उंचीने व पावलाच्या लांबीने शक्यतो खोंडासारखाच असावा. एक दिवस खोंड डावीकडे व दुसऱ्या दिवशी उजवीकडे, असा क्रम ठेवावा. रिकाम्या जुवाखाली दोन्ही बाजूंनी सरळ चालू लागल्यावर हलका ओंडका ओढावयास द्यावा, नंतर कोरड्या खाचरात रिकामी फळी, त्यानंतर रिकामी गाडी, आणि शेवटी पहिल्या पावसानंतर मऊ झालेल्या जमिनीत नांगर द्यावा. पहिलीच ओळख गुडघाभर चिखलात करून देऊ नये.

कोणत्याही टप्प्यावर खोंड वाकडा जाऊ लागला, तर त्याला मारू नये व वेसण ओढू नये. थांबवावे, आधीच्या सोप्या टप्प्यावर न्यावे, काव्यावर दोन-चार फेऱ्या द्याव्यात आणि पुन्हा सुरुवात करावी. भीतीने पळणारे जनावर नेहमी वाकडेच पळते. कारण त्याचे लक्ष पुढच्या वाटेकडे नसून मागच्या काठीकडे असते.

जू आणि ओढीची वाटणी

खोंड सरळ चालण्यास शिकला तरी जू बेताचे नसेल, तर तो पुन्हा वाकडा होतो. जुवाचा मानेला टेकणारा भाग रुंद, गोलसर व गुळगुळीत असावा. जू वशिंडाच्या पुढे नीट बसावे. शिवळा मानेला दाबणाऱ्या नसाव्यात, आणि जोते गळ्याला आवळणारे नसावे. दोन बैलांची उंची फार विषम असेल, तर जू तिरपे राहते व ठेंगण्या बैलाच्या मानेवर अधिक भार येतो.

नव्या खोंडाला जुन्या बैलाएवढी ओढ देऊ नये. जुवाला नांगर किंवा गाडी जेथे बांधतात तो बिंदू सरकवून ही वाटणी सहज बदलता येते. उदाहरणार्थ, दोन मानांच्या मध्यांतील अंतर १०० सेंटिमीटर आहे असे समजू. बंधन बरोबर मध्यावर असेल, तर दोघांवर सारखी ओढ येते. तेच बंधन जुन्या बैलाच्या बाजूला ५ सेंटिमीटर सरकविले, तर जुन्या बैलावर ५५ टक्के व खोंडावर ४५ टक्के ओढ येईल. बैल साधारणपणे आपल्या वजनाच्या दहाव्या भागाएवढी ओढ बराच वेळ देऊ शकतो. प्रत्येकी ३०० किलो वजनाच्या जोडीची एकूण ओढ ६० किलो धरली, तर वरील बदलाने जुन्या बैलावर ३३ किलो व खोंडावर २७ किलो ओढ येते. खोंडाची ताकद वाढेल तसे बंधन पुन्हा मध्यावर आणावे.

काम सुटल्यावर दररोज मानेवर हात फिरवून पाहावे. एखादी जागा गरम, दुखरी किंवा फुगलेली लागली, तर ती खांदेसुजेची सुरुवात असू शकते. त्या दिवसापासून जू बंद ठेवावे, ताजी सूज थंड पाण्याने शेकावी व पशुवैद्यकास दाखवावे. सूज असताना आणखी दोन दिवस ओढून घेतलेले काम पुढे दोन आठवडे बैल बसवून ठेवते. सूज नेहमी एकाच बाजूला येत असेल, तर उपचाराबरोबर चाल व जू यांचीही वर सांगितल्याप्रमाणे तपासणी करावी.

शिक्षणाच्या काळात नुसत्या भाताच्या पेंढ्यावर खोंडाच्या अंगात जोर येत नाही. पेंढ्याबरोबर हिरवा चारा, थोडी पेंड व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने क्षारमिश्रण द्यावे.

दुडकी, दौड आणि शर्यत

संथ चालीत सरळ असलेला खोंड वेग वाढताच वाकडा होऊ शकतो. म्हणून दुडकीचा सराव निराळा द्यावा. चौथ्या टप्प्यापर्यंत चाल पक्की झाल्यावर, मऊ व सपाट जागी, जू न ठेवता, चाळीस-पन्नास पावले दुडकी देऊन पुन्हा संथ चालीवर आणावे. यात दुडकीपेक्षा परत चालीवर येणे अधिक महत्त्वाचे आहे. आवाजाच्या इशाऱ्याने, वेसण न ओढता, सरळ रेषेतच जो खोंड वेग कमी करतो, त्याचे मागचे पाय तोल सांभाळण्यास शिकले असे समजावे. काव्यावर दुडकी द्यावयाची असल्यास वर्तुळ मोठे घ्यावे. लहान वर्तुळात वेगाने फिरविल्यास पायाच्या सांध्यांवर ताण येतो.

बैलगाडा शर्यतींचा शौक ठाणे जिल्ह्यातही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींना मनाई केली होती. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि बैलाला मारणे, टोचणे किंवा विजेचा धक्का देणे यांस मनाई आहे. ज्यांना शर्यतीची आवड आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे की, तोल नसलेला तरुण बैल भरधाव सोडला तर तो बाजूला फेकला जातो, जोडीदाराला अडखळवितो आणि प्रेक्षकांत घुसण्याचाही संभव असतो. सांधे पक्के न झालेल्या, आदत किंवा नुकत्याच दोन दात आलेल्या खोंडाला दौडीत उतरवू नये. जो बैल संथ चालीत सरळ नाही, तो दौडीत सरळ राहणार नाही.

कायद्याने ठरविलेल्या मर्यादा

ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांनुसार जनावराकडून दिवसाकाठी एकूण ९ तासांपेक्षा जास्त व विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सियसपेक्षा अधिक असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेण्यास मनाई आहे. अणकुचीदार काठी किंवा टोचणारी, जखम करणारी साधने वापरण्यासही बंदी आहे. या मर्यादा पूर्ण वाढलेल्या बैलासाठी आहेत, हे विसरू नये. शिकत असलेल्या खोंडाकडून याच्या कितीतरी कमी काम घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

सुगीनंतरच्या बैठकीत या विषयाची चर्चा ठेवावी. नुसते व्याख्यान देण्यापेक्षा ओल्या पट्ट्यावरील परीक्षा गावातील दोन-तीन खोंडांवर सर्वांसमोर करून दाखवावी. खुरांचे ठसे शेतकऱ्याला वाचता येतात. एकदा पाहिले की त्याला समजावून सांगण्याची गरज राहत नाही. गावातील जो वडीलधारा शेतकरी खोंड शिकविण्यात हातखंडा असलेला म्हणून ओळखला जातो, त्याला पुढे करावे व तरुणांना त्याच्याबरोबर काम करू द्यावे. त्याच बैठकीत गावातील जुवे एकत्र मागवून त्यांचा मानेला टेकणारा भाग तपासावा आणि खडबडीत जुवे सुताराकडून गुळगुळीत करून घ्यावीत. गुरांच्या तपासणीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधीच दिवस ठरवावा, म्हणजे खूर, माना व वेसणीच्या जखमा एकाच वेळी पाहिल्या जातील.

होळीनंतर त्याच खोंडांची त्याच पट्ट्यावर पुन्हा परीक्षा घ्यावी. पहिल्या व दुसऱ्या वेळच्या ठशांची तुलना करून कोणत्या खोंडात किती फरक पडला हे शेतकऱ्यांनाच सांगू द्यावे. ज्याच्या खोंडात फरक पडला नाही, त्याच्या घरी जाऊन बांधण्याची जागा, धरण्याची पद्धत, जू आणि चारा यांची पाहणी करावी. कारण बहुधा यांपैकीच कोठेतरी सापडते.

बैलाला दोन्ही बाजूंनी सारखा चालविण्यासाठी शेतकऱ्यालाही आपली एकच बाजू धरण्याची सवय सोडावी लागते. कधी डावीकडून धरावे, कधी उजवीकडून. कधी या खुंट्याला बांधावे, कधी त्या. हिवाळ्यातील या लहानशा कष्टांचे फळ आवणीच्या आठवड्यात मिळते. त्या वेळी जोडी न अडता खाचर वळते, माना कोरड्या व नितळ राहतात, आणि रोपे वेळेवर चिखलात लागतात. शेतकरी बांधवांनी येत्या हंगामासाठी आपल्या गोठ्यातील खोंडांची चाल आजच ओल्या मातीवर तपासून घ्यावी.